डांग्या खोकल्याची लस आणि गरोदर बाई: त्या मेसेजचा खुलासा

‘गरोदरपणी डांग्या खोकल्याची लस घेऊ नका, त्यातले जिवंत जंतू बाळापर्यंत पोचतात. बाळाला जन्मानंतर लस मिळतेच,’ असा एक मेसेज फिरतोय. पहिले वाक्य साफ चूक आहे. दुसरे खरे आहे, पण अर्धेच, आणि म्हणून जास्त फसवे.

गरोदरपणी दिल्या जाणाऱ्या टीडॅप लशीत (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची एकत्र लस) जिवंत जंतू नसतातच. असतात ते जंतूंच्या प्रथिनांचे शुद्ध केलेले अंश आणि निष्प्रभ केलेली विषे. त्यांतून आजार होऊ शकत नाही. दंड दुखतो, कधी कणकण येते, बहुतेकदा इतकेच.

आता ‘जन्मानंतर मिळतेच’ याबद्दल. बाळाचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांनी असतो, आणि एका डोसाने पुरते संरक्षण मिळत नाही. हा आजार जिवावर बेततो तो नेमका याच वयात. इतक्या लहान बाळाला खोकल्याची ती ओळखीची ढास लागेलच असे नाही. कधी त्याचा श्वासच थांबतो. आईने लस घेतली की तिच्या शरीरातली प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) वारेतून बाळाकडे जातात. ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून अमेरिकेत २७ ते ३६ आठवड्यांचा काळ सुचवतात. ब्रिटनमध्ये २०१२ पासून गरोदर स्त्रियांना डांग्या खोकल्याची लस दिली जाते.

प्रतिपिंडे ओसरतात, त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात नव्याने डोस. आणि हो, नुसते धनुर्वाताचे इंजेक्शन म्हणजे ही लस नव्हे. कोणते दिले ते डॉक्टरांना विचारा.