चिपाडाची पिशवी म्हशीपुढे टाकण्याआधी

परवा सकाळी मामींनी बोलता बोलता सांगितलं, "भाजीचे देठ पिशवीसकटच गव्हाणीत टाकले आज. ती नवी पिशवी म्हशीनं खाल्ली तरी चालती म्हणं." कोण म्हणं? तर मामांच्या व्हॉट्सॲपवर आलंय. मी म्हटलं, मामी, फोन ठेवा आणि आधी ती पिशवी काढा. नशीब, म्हशीनं देठ वेचून खाल्ले होते आणि पिशवी बाजूला सारली होती. म्हशीला व्हॉट्सॲप नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. उसाच्या चिपाडापासून प्लास्टिक तयार झालंय. वनस्पतीपासून बनलंय म्हणून ते आपोआप मातीत मिसळतं. 180 दिवसांत खत होतं. गरम पाण्यात विरघळतं, ते पाणी पिताही येतं, सोबत त्याचा व्हिडिओ. जनावरानं खाल्लं तरी अपाय नाही. आणि आता चिपाड-पाचट विकून शेतकरी लखपती. खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

आधी म्हशीचं. बाजारात 'कंपोस्टेबल' म्हणून मिळणाऱ्या पिशव्या बहुतेक पीबीएटी नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्यात थोडं पीएलए (साखर किंवा स्टार्चपासून बनणारं प्लास्टिक) किंवा स्टार्च मिसळलेलं. पीएलए भराभर तुटायला 55 ते 60 अंश तापमान आणि कित्येक आठवडे लागतात. जनावराच्या कोठीपोटात असतात 39 अंश. तिथं गेलेली पिशवी चारा पचतो तशी पचत नाही. पिशव्या, दोऱ्या, चिंध्या एकमेकांत गुंतून गोळा होतो, जनावर चारा सोडतं, पोट फुगतं, आणि डॉक्टरांना डाव्या कुशीत चीर देऊन तो सगळा ऐवज हातानं बाहेर ओढावा लागतो. ज्यानं 'अपाय नाही' हे लिहिलं त्यानं गोठ्यात एकदा तरी पाय ठेवला असेल असं वाटत नाही.

आता ते 180 दिवस. हा आकडा हवेतून आलेला नाही, आणि गोम तिथंच आहे. कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ 17088 हे मानक लागू आहे. त्याच्या चाचणीत माल 58 अंशांच्या आसपास, नियंत्रित कंपोस्टमध्ये, ओलावा आणि हवा सांभाळून ठेवतात आणि 180 दिवसांत त्यातल्या कार्बनपैकी 90 टक्के कार्बन डायऑक्साइड होतो का ते मोजतात. मेसेज लिहिणाऱ्यानं दिवस ठेवले आणि तापमान कापून टाकलं. शिवाय 90 टक्के कार्बन हवेत गेल्यावर खत म्हणून उरतं काय? त्यात ना नत्र, ना स्फुरद, ना पालाश.

नीट लावलेला कंपोस्टचा ढीग काही दिवस तापतो खरा, पण नंतर निवतो. आपला उकिरडा तर रोज पाटीपाटीनं भरतो, तो तापणार कधी? मामांनी दिवाळीत तालुक्याच्या बाजारातून 'विरघळणारी' म्हणून आणलेली पिशवी उकिरड्यात टाकली होती. वैशाखात ट्रॉली भरताना ती फावड्याला अडकून वर आली. रंग विटलेला, पण वर छापलेलं हिरवं पान जसंच्या तसं. मी बंद ओढून पाहिला, बोटाला वळ उठला. दिवाळी ते वैशाख, म्हणजे मेसेजमधले 180 दिवस भरले होते.

मामांचं म्हणणं, ती पिशवी नकली असणार. असेलही. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनुसार अशा पिशवीवर कंपोस्टेबल असल्याचं छापावं लागतं, आणि बनवणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. या पिशवीवर नुसतं पान होतं. पण खरी असती तरी? इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्प्सन यांनी वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षं मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवून पाहिल्या. निष्कर्ष 2019 मध्ये आले. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही बाजारहाट पेलत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, हे त्यांनी मोकळेपणानं नोंदवलंय. मातीत मात्र तीच पिशवी 27 महिन्यांनीही होती. वजन टाकलं की फाटायची, इतकंच.

'वनस्पतीपासून, म्हणून विरघळणारं' याला दोन ओळी पुरेत. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी 2010 पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवते. ऊस अस्सल, पॉलिथिनही अस्सल, खनिज तेलाच्या पॉलिथिनइतकंच चिवट. उलट वर सांगितलेलं पीबीएटी बहुतांशी खनिज तेलातून येतं आणि तरी कंपोस्ट होतं.

गरम पाण्याचा व्हिडिओ? तशी पिशवी पीव्हीए नावाच्या प्लास्टिकचीही असू शकते, आणि तेही तेलाचंच लेकरू. मीठ पाण्यात दिसेनासं होतं म्हणून गेलं असं कुणी म्हणत नाही.

राहिलं लखपती होणं. आमच्या भागात चिपाड शेतकऱ्याकडे असतं कुठे? उसाबरोबर ते कारखान्यात जातं आणि बॉयलरमध्ये जळून वीज होते. पीएलए आज साखरेपासून किंवा मक्याच्या स्टार्चपासून बनतं. बलरामपूर चिनी या साखर कंपनीनं उत्तर प्रदेशात कुंभीला जो कारखाना काढायला घेतला तोही साखरेवरचाच. चिपाडापासून बनवता येत नाही असं नाही. पण आधी लिग्निन या चिवट घटकाची पकड सोडवायची, मग सेल्युलोज फोडून साखर करायची, आणि हा खर्चाचा घाट आहे. प्राज कंपनीनं 2024 मध्ये जेजुरीला पीएलएचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रात्यक्षिक केंद्र म्हणजे तुमच्या पाचटाला उद्यापासून भाव नव्हे.

नाइलाजानं दोन गोष्टी मान्य करतो. लग्नात येतात ती चिपाडाची ताटं-वाट्या खरोखर कुजतात. पण ती लगदा दाबून केलेली असतात, प्लास्टिक नव्हेच. आणि मल्चिंगचा कागद, म्हणजे पिकाभोवती मातीवर अंथरायचं पातळ प्लास्टिक. मामांच्या कलिंगडाच्या रानात दरवर्षी त्या काळ्या कागदाच्या चिंध्या उरतात, नांगराला गुंडाळतात. मातीत कुजणारा मल्चिंग कागद परवडणाऱ्या दरात मिळाला तर मीच मामांना आणून देईन. मात्र तो मातीतल्या चाचणीत उतरलेला हवा. 58 अंशांचा दाखला रानात काय कामाचा?

हे सगळं ऐकून मामींनी विचारलं, "मग आता ही पिशवी टाकू कुठं?" अशा पिशव्या घेणारा, 58 अंश राखणारा कंपोस्ट प्रकल्प गावाजवळ नाही. सध्या ती पडवीतल्या खुंटीवर आहे, कपड्यांचे चिमटे ठेवायला.