सरोगसीचे बारा लाख आणि नोटरीचा कागद

घाटकोपरच्या माझ्या मावसबहिणीने एक व्हॉट्सॲप मेसेज पाठवून विचारलं, “ताई, हे खरं आहे का गं?” तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय. मेसेज असा: ‘गरजू महिलांना संधी. सरोगसीचे बारा लाख. अविवाहितही चालेल. नात्याची अट नाही. नोटरी करार, शंभर टक्के कायदेशीर. मध्येच माघार घेतल्यास दोन लाख दंड.’ खाली आधार कार्डाची मागणी. वाचून डोकंच फिरलं.

बारा लाखांचं आधी बघू. सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. सरोगसी म्हणजे बाईने दुसऱ्यासाठी आपल्या पोटात मूल वाढवून जन्म देणं; पैसे घेऊन ते करण्यावर त्यात बंदी आहे. दवाखान्याचा आणि नियमांत बसणारा इतर खर्च, शिवाय ३६ महिन्यांचा विमा, एवढंच त्या बाईसाठी करता येतं. बाईला सरोगसीसाठी भुलवणारी जाहिरात करणं हाही गुन्हाच.

अविवाहित चालत नाही. लग्न झालेलं हवं, स्वतःचं मूल हवं, वय २५ ते ३५, आणि तेही आयुष्यात एकदाच. नात्याची अट नाही हे मात्र खरं, मान्य करते. विधेयकात ‘जवळची नातेवाईक’ असं होतं, कायद्यात ‘इच्छुक स्त्री’ आलं. एवढ्या एका खऱ्या वाक्याच्या आडोशाने बाकीचं खोटं खपवलंय.

सगळ्यात संतापजनक आहे तो दंड. कलम ६ प्रमाणे गर्भाशयात भ्रूण सोडण्यापूर्वी ती बाई संमती मागे घेऊ शकते. कसला दंड? पुढे गर्भपातासाठी जबरदस्ती करायलाही कायद्याने मनाई आहे. आणि तो नोटरीचा कागद! बेकायदा कामासाठी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, मग शिक्के कितीही मारा. उद्या एजंटाने पैसे बुडवले तर तो कागद घेऊन ती कोर्टात कशाच्या जोरावर उभी राहणार? खऱ्या सरोगसीत बाळाचं पालकत्व आणि ताबा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या किंवा त्यावरच्या कोर्टाच्या आदेशाने ठरतो, नोटरीच्या टेबलावर नाही.

असा धंदा चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. बाईच्या बाबतीत मात्र नवऱ्याने, मूल हवं असलेल्या जोडप्याने किंवा नातेवाइकाने तिला भाग पाडलं असंच कोर्ट गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून आधार कार्ड पाठवून झालं असेल आणि आता कुणी दोन लाखांची धमकी देत असेल, तर घाबरून गप्प बसू नका. मेसेज जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा.