ठिबकच्या नळ्यांत करंट? खुलासा

केळीवाल्यांच्या ग्रुपांवर रावेर-यावलकडे एक मेसेज फिरतोय: 'प्लॅस्टिकमधून वीज वाहते, त्याला नोबेलही मिळालंय, ठिबकच्या नळ्यांना हात लावू नका.' यातलं नोबेल खरं, पण ते खास प्रकारच्या प्लॅस्टिकसाठी.

२००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना मिळालं. पॉलिॲसिटिलीन या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली की त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता लाखो पटींनी वाढते, हे त्यांनी १९७७ मध्ये दाखवलं. या प्लॅस्टिकच्या अणूंच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून असतात. आयोडीन त्यातले काही इलेक्ट्रॉन काढून घेतं, मग उरलेल्यांना सरकायला वाट मिळते. असली प्लॅस्टिकं कपॅसिटरमध्ये आणि स्थिर वीज घालवणाऱ्या लेपांत वापरतात.

ठिबकची नळी साध्या पॉलिथिनची, पाइप पीव्हीसीचा. दोन्ही दुर्वाहक. वायरीवरचं आवरणही पीव्हीसीचंच असतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा पाहायचं होतं!

शेतात झटका बसतो तो बहुधा मोटारीची वायर सोललेली असते किंवा अर्थिंग धड नसतं म्हणून. पाइपातल्या पाण्यातूनही तो येऊ शकतो. तेव्हा नळ्या गुंडाळत बसू नका; मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.