ओझोन कुठे, अमृतधारा कुठे: एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातली औषधं मेंथॉल (पुदिन्याचं फूल) आणि थायमॉल (ओव्याचं फूल) यांच्या तेलकट द्रावकाने, म्हणजे औषध स्वतःत विरघळवून घेणाऱ्या द्रवाने, ओढून काढावीत असं मी सुचवलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे. ‘सांडपाण्यातली औषधं मेंथॉलने ओढून काढणं ही प्रयोगशाळेतली हौस, मेंथॉलच पाण्यात उतरेल त्याचं काय? स्वित्झर्लंडवाले ओझोन लावतात ते वेडे आहेत का?’

वेडे मुळीच नाहीत. 2016 पासून तिथल्या कायद्याने अनेक मैलापाणी केंद्रांना ओझोन (औषधांचे रेणू तोडणारा वायू) किंवा सक्रिय कार्बन (ते शोषून धरणारा कोळसा) यांची जोड द्यावी लागते. पण शहरी मैलापाण्यात औषधं लिटरला मायक्रोग्रॅमच्या घरात असतात. तिथे द्रावक नेणं खुळेपणाच. मेंथॉल लिटरभर पाण्यात साधारण 0.4 ग्रॅम विरघळतो. रोज 1 कोटी लिटर म्हटलं की 4 टन मेंथॉल नदीत.

माझा रोख होता पटनचेरूवर. हैदराबादजवळच्या तिथल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात (सीईटीपी) सुमारे 90 औषध कारखान्यांचं पाणी यायचं. 2007 साली स्वीडिश संशोधकांनी आकडे छापले: प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे प्रतिजैविक. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं! रोजचं पाणी 15 लाख लिटर, म्हणजे औषध जवळजवळ 45 किलो. अशा पाण्यात ओझोन सोडला तर बाकीची सेंद्रिय घाणच ओझोनचा बराचसा फडशा पाडते.

आता द्रावक. पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एकत्र खललं की दोन्ही घन पदार्थ पातळ होतात. घरची अमृतधारा, कापूर वगळून. हे तेल पाण्यावर तरंगतं. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं पाणी आम्ल) 4 च्या खाली आणून घुसळलं की डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आपला विद्युतभार गमावून तेलात चढतं. मग तेच तेल थोड्याशा सौम्य अल्कलीत घुसळायचं. औषध त्या मूठभर पाण्यात उतरतं, तेल पुन्हा वापरायला मोकळं. (ओव्याच्या फुलाऐवजी डेकॅनॉइक आम्ल (एक मेदाम्ल) घ्याल तर अल्कलीत त्याचा साबण होऊन नुसता फेस.)

सिप्रोवर मात्र ही मात्रा चालत नाही. त्या रेणूवर धन आणि ऋण दोन्ही भार असतात, तो पाणी सोडायला तयार नसतो. त्यासाठी सुचवलेले चतुर्थक अमोनियम क्षारांचे (कायम धनभार असलेल्या क्षारांचे) द्रावक मला ‘हरित’ म्हणवत नाहीत. ओव्याचं फूलही जंतुनाशकच. उरलंसुरलं पुढच्या टाकीत गेलं तर तिथले घाण खाणारे जिवाणू मारेल.

म्हणून माझा हट्ट एवढाच: हे काम कारखान्याच्या आत, रिअ‍ॅक्टरमधून निघालेल्या पहिल्या पाण्यावर, दुसऱ्या कुणाच्या पाण्यात ते मिसळण्याआधी व्हावं. सीईटीपीच्या तोंडाशी ते करायचं म्हणाल, तर मी तुमच्याच बाजूने भांडेन. न मिसळलेल्या एखाद्या प्रवाहाचा पीएच आणि सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) तुमच्याकडे असेल तर इथे टाका, आम्ल-अल्कलीचा खर्च मांडून बघू.