हरीण सोडून बाकी सगळं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. नऊ दिवसांच्या शिकारीला एका संध्याकाळची तयारी पुरते असं ज्याला वाटतं, त्यानं हे वाचू नये. त्याला हरीण मिळेल आणि विषय संपेल. हे तुमच्यासाठी आहे. एके काळी तुम्ही ऑफिसातल्या मित्रांबरोबर दर नोव्हेंबरला उत्तरेकडे जात होता. मग मुलं झाली, घराचे हप्ते आले, एक गुडघा बोलायला लागला. यंदा ऑगस्टात जुन्या मित्रानं सहज विचारलं, "येतोस का?" आणि तुम्ही "बघतो" म्हणालात. म्हणजे तुम्हाला उशीर झालेलाच आहे.

मधल्या काळात काय बदललं याची चौकशी मात्र करू नका. पाठीवर लावायचा नंबराचा बिल्ला २०१६ मध्ये रद्द झाला, तरी तुमचा जुना बिल्ला माळ्यावरून शोधून काढा. मारलेलं हरीण पिकअपमध्ये टाकून गावातल्या बारवर किंवा पेट्रोल पंपावर नोंदवायला न्यायचं, तिथे चार लोकांनी शिंगं मोजायची, ही गंमतही २०१५ पासून संपली. आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा ऑनलाइन नोंद करायची. शिंगं कुणी बघत नाही. पण तुमच्या डोक्यात अजून २००० साल आहे. त्या साली बंदुकीच्या हंगामात राज्यात पाच लाखांहून जास्त हरणं पडली होती. नंतरच्या वर्षांत हा आकडा पुष्कळ खाली आला, म्हणून काय झालं? जाताना २००० सालच बरोबर घ्या. वजन शून्य, आणि कॅम्पवर रात्री सगळ्यांत जास्त कामाला येतं.

शिक्षणाचा प्रश्न तुमच्या जन्मतारखेवर आहे. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना अभिमन्यूप्रमाणे हे ज्ञान पोटातच मिळालेलं असतं, असं कायदा धरून चालतो. तुमचा जन्म १९७२ चा असेल तर निर्धास्त राहा. अभिमन्यूला नेमकं किती येत होतं, ते कॅम्पवर कुणी विचारणार नाही.

आता खरेदी. सर्वांत आधी झाडाच्या सालीसारखी आणि वाळक्या पानांसारखी नक्षी असलेला महागडा सूट घ्या. त्यात तुम्ही जंगलात शिरलात की दिसणार नाही. मग त्याच्यावर भगभगीत नारिंगी जाकीट चढवा, कारण कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान अर्धा भाग नारिंगी असलाच पाहिजे असा नियम आहे. (२०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. बायकांची संख्या वाढेल अशी आशा होती म्हणे. बायकांना विचारलं होतं का, ते सोडा.) म्हणजे पैसे अदृश्य होण्याचे आणि दिसणार रस्त्याच्या कामावरच्या माणसासारखे. यात गैरसोय काहीच नाही. हरणाला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक धड कळत नाही. निळा मात्र त्याला छान दिसतो. तेव्हा आत तुमची लाडकी निळी जीन्स जरूर घाला.

वासाच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. हरणाच्या नाकापुढे माणसाचं नाक म्हणजे चेहऱ्यावरची शोभा, हे दुकानदाराला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. बिनवासाचा साबण, बिनवासाची कपडे धुण्याची पावडर, कपडे ठेवायला हवाबंद पेटी, ओल्या मातीच्या वासाचा फवारा, आणि छोट्या बाटलीत मादीचं मूत्र. या शेवटच्या वस्तूची किंमत बघून बाटली खाली ठेवाल, पण पाचच मिनिटांत परत उचलाल. घरी आल्यावर सगळे कपडे त्या पावडरीत धुऊन स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात टांगा. तिथे हिंग-मोहरीची फोडणी, तळलेले बोंबील आणि उदबत्ती यांचा यथासांग मारा होऊ द्या. विस्कॉन्सिनच्या हरणाला मका ठाऊक आहे, सोयाबीन ठाऊक आहे, ओकची फळं तर पाठ आहेत. हिंगाचा वास आल्यावर ते पळून जाईल की चौकशीला जवळ येईल, सांगता येत नाही. वाटेत जाकिटासकट डिझेल भरा आणि पहाटे जाकिटासकटच हॉटेलात बेकन खा. वारा आपल्या तोंडावर घेऊन बसलं की बरंचसं काम होतं, असं जुने शिकारी सांगतात. पण वाऱ्याला बारकोड नसतो, म्हणून दुकानात हे कुणी बोलत नाही.

रायफल तपासायला नेऊ नका. ती तळघरात इतकी वर्षं शांत उभी होती. मधे दोनदा घर बदललं, एकदा ती जिन्यावरून गडगडत गेली, तरी दुर्बिणीच्या काचेला तडा नाही म्हणजे नेम जागेवरच असणार. शंभर यार्डांवर कागद लावून चार काडतुसं उडवण्यात एक दुपार वाया जाते. तेवढ्यात दुकानाची आणखी एक फेरी होते.

मचाणाचंही तसंच. तुमचं जुनं मचाण मित्राच्या रानात अजून त्याच झाडावर आहे. त्याचे पट्टे इतकी वर्षं ऊन, पाऊस आणि बर्फ खाऊन मुरलेले आहेत. मचाणावरून पडणं हे इथल्या शिकाऱ्यांच्या दुखापतींचं एक मोठं कारण आहे, आणि कमरेला-छातीला बांधायचा सुरक्षापट्टा याचसाठी असतो. तो घ्याच. फक्त गाडीत सगळ्यांत खाली ठेवा, म्हणजे अंधारात त्याच्यासाठी दहा पिशव्या उपसण्यापेक्षा तसंच चढणं सोपं वाटेल.

सामान बांधून झालं की घरी फोन करायचा. पुण्याहून आई विचारील, "हरीण? कशाला रे?" १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून आपल्याकडे असं काही केलं तर सरळ तुरुंग, हे तिला ठाऊक आहे. इथे सरकार स्वतः परवाने विकतं आणि बंदुकीच्या हंगामासाठी साडेपाच लाखांच्या आसपास लोक ते घेतात, हे तिला पटत नाही. शिवाय तिच्याकडे पुरावा आहे. राम हरणामागे गेला, पुढचं रामायण सगळ्यांना माहीत आहे. पंडूनं हरणाच्या जोडीवर बाण टाकला आणि जन्माचा शाप घेतला. दशरथानं नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. (समोर काय आहे ते नीट दिसल्याशिवाय चाप ओढू नये, हा कोर्समधला पाठ दशरथावरच बेतलेला वाटतो. श्रावणाच्या अंगावर नारिंगी जाकीट असतं तर रामायण बरंच लहान झालं असतं.) यावर उत्तर देऊ नका. "थंडी फार आहे गं" म्हणा आणि विषय बदला.

खाण्याचं सामान भरपूर न्या, कारण दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असते. कॅम्पवर चिली (मांसाचा तिखट रस्सा) असतं, ब्रँडी असते, पत्त्यांचा 'शीप्सहेड' नावाचा डाव रात्रभर चालतो. त्यात तुमचा चिवडा पहिल्या रात्रीच हिट होतो. चकल्या मात्र मचाणावर खाण्यासाठी राखून ठेवा. सूर्योदयाआधी अर्धा तास, उणे आठ तापमान, रानात पान हललेलं ऐकू येतंय, अशा वेळी काटेरी, कुरकुरीत भाजणीची चकली दाताखाली मोडून बघा. पलीकडच्या टेकडीवरचा शिकारीसुद्धा मान वळवील. हरीण वळवणार नाही, कारण ते तेव्हा तिथे नसेल.

आणि एवढं सगळं करूनही एखादं हरीण समोर येऊन उभं राहिलंच, तर घाबरू नका, असं होतं कधी कधी. पण मग पुढचं काम तुमचंच आहे. मोठा नर आतडी काढल्यावरही साठ-सत्तर किलो भरतो, आणि तो बर्फातून गाडीपर्यंत ओढत न्यायचा असतो, गुडघ्यासकट. त्यासाठी दोर लागतो. दोर तुम्ही घेतलेला नाही. मूत्राची बाटली आहे. हातमोजे, सुरी, पिशव्या यांचीही तीच गत. मित्राकडून मागा, तो एवढंच सामान घेऊन आलेला असतो.

मटण लगेच कुकरला लावू नका. इथल्या हरणांमध्ये २००२ साली मेंदू पोखरणारा एक रोग सापडला, तेव्हापासून तो पसरतोच आहे. हरणाचं मुंडकं तपासणीच्या पेटीत ठेवून यायचं, तपासणी फुकट होते, आणि रोग निघाला तर मटण खाऊ नये असा आरोग्यखात्याचा सल्ला आहे. निकालाला काही दिवस लागतात. काळा मसाला आणि सुकं खोबरं तेवढे दिवस डब्यातच राहू द्या. तोवर चकल्या आहेत. तुम्ही तीन डबे नेले होते, त्यातले अडीच परत आलेत.