तुमचं कूपन तुमच्याकडेच ठेवा

पाचशे रुपयांचं हॉटेलचं कूपन. तेही बिल तीन हजारांच्या वर गेलं तर. सोमवार ते गुरुवारच चालणार, थाळीवर चालणार नाही, सणावारी तर नाहीच नाही. आणि ते पाठवायच्या आधी फोनवर अट, "मॅडम, तेवढा रिव्ह्यू काढून टाकता का? मग लगेच कूपन टाकतो." माझ्या आईचा अंगारकीचा उपवास सुटायच्या वेळी यांनी तिच्या ताटाची वाट लावली, आणि त्याबद्दल म्हणून मीच परत यांच्या दारात जाऊन आणखी अडीच हजार मोजायचे. तळपायाची आग मस्तकात गेली आहे माझ्या.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण हे एका हॉटेलचं दुखणं राहिलेलं नाही. कर्वे रस्त्याच्या बाजूचं, थाळीसाठी बऱ्यापैकी नावाजलेलं ठिकाण, एवढं पुरे.

दादा-वहिनी नाशिकहून आले होते. आईला आता दर महिन्याची संकष्टी झेपत नाही, पण अंगारकी ती सोडत नाही. दिवसभर थोडी साबुदाण्याची खिचडी, एक शेंगदाण्याचा लाडू आणि ताक. रात्री चंद्राला अर्घ्य दिल्याशिवाय पुढचा घास नाही. घरात एवढी माणसं, म्हणजे ही उपाशीपोटी ओट्याशी उभी राहून मोदक वळत बसणार, म्हणून मीच म्हटलं, या वेळी बाहेर जाऊ. ती तयारच नव्हती. उपवास बाहेर सोडायचा हेच तिला पटत नव्हतं. "अगं, मी त्यांना सगळं सांगून ठेवलंय," असं म्हणून तिला तयार केलं.

आणि सांगून ठेवलंच होतं. कित्येक दिवस आधी फोन केला. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात बघून त्यानंतरचं, पावणेदहाचं टेबल घेतलं. एक ताट पूर्ण बिनकांदा-लसणीचं हवं, म्हातारं माणूस आहे, उपवास सोडायचा आहे, हे दोनदा सांगितलं. उकडीचे मोदक मोजून सांगितले आणि त्यांचे पैसे तिथल्या तिथे यूपीआयने भरले. पलीकडच्या मुलाने सगळं परत वाचून दाखवलं. यापेक्षा जास्त गिऱ्हाइकाने काय करायचं असतं, कुणीतरी मला सांगावं.

घरी आरती केली, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, आईने गॅलरीतून चंद्राला अर्घ्य दिलं आणि आम्ही निघालो. दारात नावं लिहून घेणारा मुलगा म्हणाला, "बुकिंग दिसतंय, पण आतलं टेबल उठायला वेळ आहे." किती वेळ? "दहा-पंधरा मिनिटं." आम्हाला आत बसवलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तोवर आई बाहेर, गाड्या लावणाऱ्यांच्या चाव्यांच्या फळीखाली, एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर. तो स्टूलही दादाने मागून आणला. तिच्या रात्रीच्या गोळ्या जेवणानंतरच्या असतात. दर थोड्या वेळाने ती पर्स उघडून गोळ्यांची डबी बघायची आणि परत बंद करायची. आमच्या देखत बुकिंग नसलेली माणसं आत जात होती. विचारलं तर उत्तर, "त्यांचं दोघांचंच टेबल आहे मॅडम." आणि याच दारात हा एवढा मोठा फलक, "अंगारकी स्पेशल". म्हणजे गर्दी होणार हे यांना पक्कं ठाऊक होतं. त्या गर्दीवर धंदा करायचा होता, पण शब्द दिलेली टेबलं तेवढी राखायची नव्हती.

बरं, उशीर एक वेळ सोसला असता. ताट आलं. आईने हात जोडले, पोळीचा तुकडा मोडला, बटाट्याच्या भाजीला लावला आणि थांबली. बोटाने भाजी जरा बाजूला केली. हळदीने पिवळा झालेला, शिजून पारदर्शक झालेला कांद्याचा काप. मग दुसरा. ती काही बोलली नाही, ते काप तिने ताटाच्या कडेला, मिठाशेजारी काढून ठेवले. आमटीला लसणाचा वास येत होता, तो तर माझ्या जागेवरही येत होता. वाढप्याला विचारलं, तो बिचारा गडबडला, म्हणाला, "ताई, आज सगळ्यांना हेच आहे, वेगळं काही सांगितलं नाही आम्हाला."

त्या मुलावर माझा काडीचाही राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. फोनवर घेतलेली सूचना केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहिली जात नाही, केओटीवर नाही म्हणजे भटारखान्यात पोचत नाही, आणि मग पंगतीत जे आहे तेच सगळ्यांच्या ताटात. हे मॅनेजरचं काम आहे, मालकाचं काम आहे. फोनवर गोड आवाजात "हो मॅडम, नोट केलंय" म्हणायला माणूस ठेवता, मग ती नोट आत नेऊन द्यायला का नाही ठेवत?

कांदा-लसूण न खाण्यावरून नाक मुरडणारे भेटतात, माहीत आहे. मी स्वतः रोज खाते. पण एका बाईने दिवसभर श्रद्धेने उपवास केलाय, तिने एवढीच एक गोष्ट मागितली होती आणि तुम्ही पैसे घेऊन हो म्हणाला होतात. शेवटी आईने वरण-भात, तूप आणि लिंबाची फोड, एवढ्यावर उपवास सोडला. आणि वर आम्हालाच समजावत होती, "जाऊ दे गं, वरण चांगलंय."

मग मोदक. शेवटी, आमची ताटं उचलल्यावर आले. उकडीचा मोदक ज्याने घरी केलाय त्याला हात लावताच कळतं. ताज्या मोदकाची पारी लुसलुशीत असते, तूप घातलं की आत शिरतं. पिठीची उकड फ्रीजमध्ये ठेवली की ती कडक होते, भेगा पडतात, आणि मायक्रोवेव्हमध्ये घातली की कडा चिवट होतात. आमच्या मोदकांच्या कळ्या नखाने मोडाव्यात इतक्या वाळलेल्या, पारी बुडाशी तडकलेली, वर बोट भाजेल इतकी गरम आणि आत सारण गार. त्यावर गोठायला लागलेलं तूप. आगाऊ पैसे भरून घेतलेले मोदक हे. आईने एक हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत वाटीत ठेवला. जन्मभर एकेक कळी चिमटीत धरून मोदक वळलेल्या बाईसमोर असलं काहीतरी ठेवायला लाज वाटायला हवी होती.

मॅनेजरला बोलावलं. आला. आणि मला सगळ्यात जास्त कशाचा संताप आला असेल तर याचा, की तो सगळा वेळ माझ्याशी आणि दादाशी बोलला. आई समोर बसलेली. जिचं ताट बिघडलं ती समोर बसलेली. तिच्याकडे बघून एकदा "आजी, चुकलं आमचं" म्हणायला याची जीभ झडली असती का? दोन पोळ्या, बिनकांद्याची साधी बटाट्याची भाजी, पंधरा मिनिटांत करून आणता आली असती. तेवढं केलं असतं तर आज मी हे लिहीत नसते. त्याऐवजी काय, तर "आज रश फार आहे", "आचारी नवीन आहे", आणि शेवटी "फीडबॅक फॉर्म भरा ना मॅडम, मॅनेजमेंटपर्यंत जातो." अरे, मग तू कोण आहेस? तुझ्यापुढे माणूस उपाशी बसलंय, आणि तू त्याला फॉर्म देतोस?

बिल आलं ते पूर्ण. आईच्या न खाल्लेल्या ताटाचे पूर्ण पैसे. मोदकांचे आगाऊ भरलेले पैसे वळते केलेले नाहीत, ते परत लावलेले. वर सर्व्हिस चार्ज, आणि त्या सगळ्याची बेरीज करून त्यावर जीएसटी. दादाने तिथेच धरलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावाखाली घेता येणार नाही, आणि जेवणाच्या बिलात मिळवून त्यावर जीएसटी तर अजिबात लावता येणार नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. त्याविरुद्ध हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. मॅनेजर म्हणतो, "सिस्टीममधून लागतो तो." सिस्टीम कुणाची? तुमचीच ना? मग त्याच सिस्टीममधून दोन मिनिटांत काढला. म्हणजे काढता येतो. जो भांडत नाही त्याच्याकडून उकळायचा, एवढंच धोरण. मोदकांच्या पैशांचं मात्र "उद्या अकाउंट्सवाले बघतील". ते अजून बघतायत.

मी घरी येऊन रिव्ह्यू लिहिला. एकही वाईट शब्द नाही, जे झालं ते वेळेसकट लिहिलं, मोदकाचा फोटो लावला. आणि मग, इतके तास ज्यांना आमच्यासाठी वेळ नव्हता त्यांचा फोन पटकन आला. गेस्ट रिलेशन्स. आईची चौकशी नाही, मोदकांच्या पैशांचं नाव नाही. पहिलं वाक्य, "मॅडम, तुमचा वन स्टार आलाय." यांना लागलं ते तेवढंच.

रिव्ह्यू काढण्याच्या बदल्यात सवलत देणं हे गूगलच्या स्वतःच्या नियमांत बसत नाही. सवलत किंवा फुकट वस्तू देऊन वाईट रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला सांगायचं नाही, असं तिथे स्पष्ट आहे. हे मी त्या फोनवरच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांनाच हे ऑफर करतो." सगळ्यांनाच! म्हणजे त्या पानावर जे चार पॉइंट काहीतरी दिसतात, ते बघून आपण आईवडिलांना घेऊन जातो, त्यातले किती कडवट अनुभव असे कूपन देऊन पुसलेले असतील? मी स्वतः ते आकडे बघूनच हे हॉटेल निवडलं होतं. माझ्या आधी कुणाच्या तरी आईच्या ताटात कांदा आला असेल, त्याने लिहिलंही असेल, आणि त्याच्या तोंडाला अशीच पानं पुसली असतील.

आमच्या गल्लीत एक पोळी-भाजी केंद्र आहे. छोटं, शटरच्या आत दोन शेगड्या. एकदा त्यांच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं होतं. मी तक्रार नाही, नुसतं सांगायला म्हणून फोन केला. अर्ध्या तासात काकूंचा मुलगा सायकलवरून दुसरी आमटी घेऊन दारात, आणि काकू फोनवर, "अगं मी चाखलीच नाही आज, माझंच चुकलं." पैसे परत देत होत्या, मी घेतले नाहीत. मी आजही तिथूनच पोळ्या आणते. त्यांच्याकडे ना गेस्ट रिलेशन्स, ना फीडबॅक फॉर्म.

हॉटेलवाल्यांचे खर्च मला कळतात. जागेचं भाडं, सिलिंडर, टिकत नसलेली माणसं, डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन, सगळं खरं आहे. सणाच्या दिवशी भटारखान्यात काय धावपळ असते तेही कळतं. चूक होते. पण चूक झाल्यावर त्याच टेबलाशी, त्याच वेळी ती दुरुस्त करायला काय लागतं? मॅनेजरला एक ताट बिलातून कमी करायचा अधिकार द्या. दुसरी भाजी टाकायला सांगा. आगाऊ घेतलेले पैसे तिथल्या तिथे वळते करा. हे काहीच करायचं नाही, माणूस उपाशी घरी जाऊ द्यायचा, आणि त्याने चारचौघांत बोभाटा केला की मग कूपन घेऊन धावायचं. त्या कूपनाने माझं काय भरून येणार आहे? अंगारकी आता काही महिन्यांनी येईल. दादा-वहिनी परत गेले. वहिनीने निघताना आईच्या हातचे मोदक राहिले म्हटलं, तर आई म्हणाली, "पुढच्या वेळी घरीच करू, कुठे जायचं नाही." मी तिला बाहेर काढलं होतं, जरा बसून खाऊ दे म्हणून, आणि आता ती परत ओट्याशीच उभी राहणार. याचा राग मला कुठल्या सवलतीने जाणार आहे?

नातेवाईकांत सगळे म्हणतायत सोडून दे. नाही सोडणार. बिलाच्या फोटोसकट १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, सर्व्हिस चार्जची आणि मोदकांच्या पैशांची. त्याने झालं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. रक्कम छोटी आहे, मला माहीत आहे. ती माझी आहे.

आणि रिव्ह्यू राहणार. त्याच्याखाली मी आता कूपनाच्या मेसेजचा स्क्रीनशॉटही जोडला आहे. परत फोन करायचाच असेल तर मला करू नका. बुकिंग आईच्या नावावर होतं, तिचा नंबर तुमच्याकडे आहे. दुपारी चारनंतर ती जागी असते. तिच्याशी बोला, काय चुकलं ते तिला सांगा, आणि मोदकांचे पैसे ज्या नंबरवरून आले होते त्याच नंबरवर परत पाठवा.