उसाची उंची विचारणारा वकील

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एकाने विचारलं, "तुमच्याकडे कुणी चांगला क्रिमिनल लॉयर आहे का ओळखीचा? गावाकडं भावावर केस झालीय." मी पहिला प्रश्न केला, कुठलं कोर्ट? तो म्हणाला, कोर्ट तालुक्याचं आहे, पण वकील पुण्यातलाच बघतोय, मोठा. ऐकून मला सहा वर्षांपूर्वीची मीच दिसले. म्हणून हे लांबलचक लिहितेय.

सप्टेंबर 2019. रात्री साडेदहाला ताईचा फोन. "ह्यांना नेलं गं पोलिसांनी." कृष्णाकाठचा तालुका, भावकीतलं भांडण, कारण अर्थातच बांध. त्या ऑगस्टात महापूर आलेला. आमचं रान पुराच्या पातळीपासून बरंच वर, पण पावसानं मधला बांध ढासळला होता. तो परत घालताना आधी शिव्या, मग ढकलाढकली, मग चुलतभावाच्या हाताचं हाड मोडलं. फिर्यादीत आलं की दाजींनी कोयत्यानं मारलं. कलमं 326 (घातक हत्यारानं गंभीर दुखापत), 504, 506 (अपमान, धमकी). दाजी काही साधू नाहीत, हेही इथंच सांगून टाकते. भांडण झालं होतं. कोयता होता का, एवढाच खरा प्रश्न होता.

मी काय शहाणपणा केला? रात्रीत पुण्यातला एक नावाजलेला वकील गाठला. पंचवीस हजार आगाऊ. अटकेपासून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारीच दाजींना कोर्टात आणलं. "कोयता हस्तगत करायचा आहे" म्हणून पोलिसांनी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागितली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, वकील दिलाय का? दाजी म्हणाले, पुण्याहून यायलाय. पुण्याहून निघालेला ज्युनिअर संध्याकाळी पाचला पोचला, तेव्हा कोर्टाच्या आवारात चहावालासुद्धा भांडी घासत होता. दोन दिवसांची पोलीस कोठडी झाली होती. त्यात कोयता 'काढून दिल्याचा' पंचनामाही झाला. ऊसपट्ट्यातल्या घरातून कोयता काढून दाखवणं म्हणजे स्वयंपाकघरातून उलथनं काढून दाखवण्यासारखं. पण कागद झाला तो झाला.

ताईनं मग मला न विचारता गावच्या कोर्टातला वकील केला. खताच्या दुकानावर एक खोली, पायरीवर चपलांचा ढीग, टेबलावर दोरीनं बांधलेल्या फायली. मला काही तो माणूस पटला नव्हता. फोनवर मी विचारलं, "कधी सुटतील?" ते म्हणाले, "सुटणं आन् जामीन ह्या दोन गोष्टी हैत, ताई. आत्ता कशाचं विचारताय?"

आपल्याकडे नव्वद टक्के लोकांची गल्लत इथंच होते (आकडा माझ्या मनाचा). जामीन म्हणजे फक्त खटला चालेपर्यंत बाहेर राहायची मुभा. जेएमएफसी, म्हणजे तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टानं अर्ज फेटाळला, वरच्या सेशन कोर्टात जामीन झाला, घरात पेढे आले आणि केस संपल्यासारखं सगळे वागू लागले. संपलेलं काहीच नव्हतं. दोषारोपपत्र यायचं होतं, चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) व्हायचा होता, साक्षीदार यायचे होते. आणि लोक पैशाचं काय करतात? दागिने मोडून, सोसायटीचं कर्ज काढून सगळी थैली जामिनावर रिकामी करतात. तीन-चार वर्षांनी खरा फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहतो त्या दिवशी वकिलाच्या फीला घरात दमडी नसते. मग कुणीतरी नवशिक्या उभा राहतो, चार 'हे म्हणणे खरे नाही' लिहून घेतो आणि खाली बसतो.

फौजदारी खटला उलटतपासात, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला आपल्या वकिलानं प्रश्न विचारताना, जिंकला जातो किंवा हरला जातो. म्हणून वकील ठरवताना विचारायचं ते हे, की साक्षीदारांचा उलटतपास तुम्ही स्वतः घेणार की दुसऱ्या कुणाला पाठवणार? उत्तर देताना जो पंख्याकडे बघतो, त्याला नमस्कार करून खाली उतरावं.

आमचा उलटतपास 2023 मध्ये झाला. मध्ये कोरोनात दोन वर्षं गेलेली. मी रजा काढून गेले होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितलं, मी रस्त्यावर मोटारसायकल लावून उभा होतो, तिथून कोयता मारताना बघितला. मला वाटलं, झालं. वकीलसाहेब उठले. चष्मा पुसला आणि विचारलं,

"रस्ता आन् बांध ह्यांच्या मधे काय हुतं?"

"ऊस."

"कुठली लागण?"

"आडसाली."

"म्हंजे आदल्या वर्षीच्या जुलैची. चौदा म्हैनं झालतं?"

"व्हय."

"तुमच्या डोक्याच्या वर हुता का खाली?"

साक्षीदारानं आधी सरकारी वकिलांकडं बघितलं, मग न्यायाधीशांकडं. "वर."

"किती वर?"

"हात वर केला तरी शेंडा लागायचा नाही."

न्यायाधीशांनी स्टेनोला ते उत्तर जसंच्या तसं घ्यायला सांगितलं. घटनास्थळाच्या पंचनाम्यातही पोलिसांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, 'पूर्वेस उसाचे उभे पीक'. रस्ता पूर्वेलाच. पुण्याच्या वकिलाला हा प्रश्न सुचला असता का? कदाचित. पण ह्या माणसानं त्यासाठी एक रविवार घालवून स्वतः बांधावर जाऊन बघितलं होतं, हे मला ताईकडून नंतर कळलं.

आता सहकाऱ्याला जे सांगितलं ते. एक दिवस सकाळी अकराला तालुका कोर्टात जाऊन नुसतं बसायचं. दरवाजाबाहेर बोर्ड लागतो, कोणत्या केसेस आहेत ते कळतं. कोण उलटतपास घेतोय, कोण प्रत्येक पुकाऱ्याला फक्त पुढची तारीख मागतोय, हे दोन तासांत कायदा न शिकलेल्या माणसालाही समजतं. बाहेरच्या टायपिस्टला विचारावं, त्याला सगळ्यांची कुंडली पाठ असते. पोलीस ठाण्याच्या पायरीवर जो 'आपला माणूस आहे' म्हणून नंबर देतो, त्याचा वकील घेऊ नये. 'गॅरंटी' देणारा तर नकोच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि निकालावर अवलंबून फीही ठरवता येत नाही. म्हणजे 'नंबर वन क्रिमिनल लॉयर' असा बोर्ड मिरवणारा पहिल्याच पायरीवर नियम मोडून बसलेला असतो. फी जामिनाची वेगळी, खटल्याची वेगळी ठरवून घ्यावी. सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घेऊन ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारखा आपल्या आपण बघाव्यात. वकिलाचा कारकून फोन उचलत नाही ही तक्रार निम्म्यानं कमी होते.

पैसे नसतील तर? 'फुकटचा वकील कसला लढणार' म्हणून लोक नाकं मुरडतात, त्याचा मला राग येतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोठडीतल्या कुणालाही, प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन 15100. त्या पहिल्या दुपारी दाजींनी 'मला सरकारकडून वकील द्या' एवढं म्हटलं असतं तरी पीसीआरला विरोध करायला कुणीतरी उभं राहिलं असतं. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याकडे एम.कॉम. आहे, बरं का.

1 जुलै 2024 पासून कलमांचे नंबर बदललेत. भारतीय दंड संहितेतलं जुनं 326 आता भारतीय न्याय संहितेत 118(2). त्याआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमं लागतात, त्यामुळे वकील दोन्ही नंबर बोलतो तेव्हा गोंधळू नये. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस बऱ्याचदा अटक न करता हजर राहायची नोटीस देतात. ती फ्रिजवर ठेवून विसरू नये, गैरहजर राहिलं की अटकेचं कारण आपणच हातात देतो.

मोठ्या वकिलाचं काहीच काम नसतं असं मी म्हणत नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं की तिथला माणूस हवाच. त्यासाठी आमच्याकडच्यांना मुंबई गाठावी लागायची, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय. पण रोजचं जे कोर्ट, तिथं रोज उभा राहणारा माणूस पाहिजे.

निकाल 2025 च्या फेब्रुवारीत लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. ताईचा फोन आला तो रडवेला. मला वाटलं, शिक्षाच झाली. "अगं, सुटले. पण परत जामीनदार मागायलेत!" सरकार अपिलात गेलं तर हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बाँड सुटताना द्यावा लागतो, तो हा. शेजारचे अण्णा सातबारा घेऊन धावले. त्या कोयत्याबद्दल निकालात एक ओळ होती, अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. दाजी वकीलसाहेबांना म्हणाले, "पण त्यो आमचा नव्हताच." साहेब म्हणाले, "आता गप बसा."

बांधाचा दिवाणी दावा अजून चालू आहे. पुढची तारीख मोजणीसाठी आहे.